नोव्हेंबरातले 'जागतिक दिन': मिशा, मोजे, संडास आणि बाकीचे

दिनविशेषी

आमच्या ऑफिसातल्या सूचनाफलकावर दर महिन्याचे दिनविशेष लावायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. नोव्हेंबरची यादी काढायला बसलो आणि चक्रावून गेलो. एकेका तारखेला तीन-तीन, चार-चार दिन! काही संयुक्त राष्ट्रांनी रीतसर ठराव करून जाहीर केलेले, काही कुणा हौशी माणसानं गंमत म्हणून काढलेले, काही उघडउघड माल खपवण्यासाठी. आणि इंटरनेटवरच्या याद्यांमध्ये हे सगळे एकाच पंगतीला. २० नोव्हेंबरला 'जागतिक बालक दिन' आणि त्याच्याच खाली 'कॉम्प्युटरला नाव द्या दिन'. (नाव द्यायचंय, नावं ठेवायची नाहीत. ती आपण रोज ठेवतोच.)

फलक केवढा, यादी केवढी! म्हणून मी एक चाळणी लावली. तारीख हीच का, याचं धड उत्तर मिळालं पाहिजे. आणि त्या दिवशी माणसानं नेमकं करायचं काय, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. नुसतं 'जागरूकता वाढवा' म्हणाल तर वाढवून ठेवायची कुठे?

या चाळणीतून पहिल्या झटक्यात पार झालेला दिन ५ नोव्हेंबरचा, जागतिक त्सुनामी जागृती दिन. संयुक्त राष्ट्रांनी तो २०१५ मध्ये ठरवला. हिंद महासागरातली ती भयानक त्सुनामी २६ डिसेंबर २००४ ची, मग ५ नोव्हेंबर कुठून आला? तर आला जपानमधल्या एका किनाऱ्यावरच्या गावातून. १८५४ साली हिरो नावाच्या गावाला मोठा भूकंप बसला. हामागुची गोर्यो नावाच्या गृहस्थानं ओळखलं की आता लाट येणार. अंधार पडत होता, लोकांना वाट दिसेना. त्यानं शेतात रचून ठेवलेल्या भाताच्या गंज्या पेटवून दिल्या आणि त्या उजेडाच्या रोखानं लोक उंचावर पोचले.

मला त्याहून भावलं ते पुढचं. लाट ओसरल्यावर त्यानं पदरचे पैसे घालून समुद्राच्या बाजूनं बांध घातला. सुमारे ६०० मीटर लांब, ५ मीटर उंच. काम चार वर्षं चाललं आणि मजुरीवर घेतले ते घरदार गेलेले गावकरीच, म्हणजे त्यांची चूलही पेटेल आणि कुणी गाव सोडून जाणार नाही. १९४६ मध्ये पुन्हा त्सुनामी आली तेव्हा त्याच बांधानं गावाचा बराचसा भाग वाचवला.

करायचं काय? किनाऱ्यावर असताना जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली, किंवा समुद्र एकाएकी मागे सरला, तर भोंग्याची वाट न बघता उंच जागी पळायचं. एक वाक्य. फलकावर मावतं.

दुसरा १४ नोव्हेंबर, जागतिक मधुमेह दिन. हा फ्रेडरिक बँटिंगचा जन्मदिवस (१८९१). इन्सुलिन शोधणाऱ्यांपैकी तो एक. दिन सुरू झाला १९९१ मध्ये, संयुक्त राष्ट्रांचा शिक्का २००६ च्या डिसेंबरात मिळाला आणि निळ्या वर्तुळाची खूणही त्याच वर्षीची.

२१ नोव्हेंबरचा 'जागतिक हॅलो दिन' मला उगाच आवडतो. १९७३ च्या इजिप्त-इस्राएल युद्धानंतर अमेरिकेतल्या दोघा भावांनी काढला. अट एकच, दहा माणसांशी आपणहून बोलायचं. युद्ध थांबतं का यानं? नाही. पण करायचं काय ते तरी स्पष्ट आहे.

बाकीचे तुम्ही सुचवा. कुठला ठेवू, कुठला उडवू?

---

उंटावरून

सगळे उडवा. एकट्या संयुक्त राष्ट्रांचेच आंतरराष्ट्रीय दिन दोनशेच्या वर गेलेत. संस्थांचे, कंपन्यांचे, हौशानवशांचे वेगळेच. कुठल्यातरी देशानं ठराव मांडायचा, बाकीच्यांनी 'आपलं काय जातंय' म्हणून मान डोलवायची. झाला दिन.

---

टिपणवही

उंटावरून, दरवेळी मान डोलवतातच असं नाही हो. २१ नोव्हेंबरला हॅलो दिनाच्या जोडीला जागतिक दूरचित्रवाणी दिनही असतो. १९९६ मध्ये तो ठराव आला तेव्हा जर्मनी तटस्थ राहिला. त्यांचं म्हणणं असं की जगातल्या बहुसंख्य लोकांपर्यंत टीव्ही पोचलेलाच नाही, रेडिओ त्याहून कितीतरी जास्त पोचतो, मग टीव्हीचेच लाड कशाला? रेडिओचा दिन यायला पुढे बरीच वर्षं जावी लागली. तो १३ फेब्रुवारीला असतो.

दिनविशेषी, त्सुनामीच्या तारखेत एक गंमत आहे. १८५४ चा तो भूकंप आपल्या नेहमीच्या कॅलेंडरप्रमाणे २४ डिसेंबरचा. जपानमध्ये तेव्हा चांद्र पंचांग चालायचं आणि त्यात तो दिवस अकराव्या महिन्याचा पाचवा. जपाननं २०११ च्या त्सुनामीनंतर स्वतःचा दिन ठरवताना तेच आकडे उचलले आणि जगानं जपानकडून घेतले. थोडक्यात, तिथी उचलली आणि तारीख म्हणून चिकटवली. तेव्हा 'तारीख हीच का' या तुमच्या चाळणीतून हा दिन पुरता पार होत नाही बरं का.

---

दिनविशेषी

टिपणवही, हे फारच भारी. फलकावर २४ डिसेंबरची तळटीप टाकतोच, चार माणसं तरी थांबून वाचतील. आणि दिन ठेवणार म्हणजे ठेवणार.

---

खोडसाळ_खार

१९ नोव्हेंबरबद्दल कुणीच कसं बोलत नाही? आंतरराष्ट्रीय पुरुष दिन आणि जागतिक शौचालय दिन एकाच तारखेला. हा योगायोग नाही, आमच्याविरुद्धचा कट आहे.

---

पाटीटाकू

हा हा. घरातलं कुणी पुरुष दिन लक्षात ठेवत नाही, संडास अडवून बसल्याचं मात्र रोज लक्षात ठेवतं.

---

टिपणवही

कट नाही, पण दोन्ही तारखांमागे कारण आहे, म्हणून सांगते.

पुरुष दिन १९९९ मध्ये त्रिनिदादच्या डॉ. जेरोम तीलकसिंग यांनी सुरू केला. १९ नोव्हेंबर हा त्यांच्या वडिलांचा वाढदिवस. शिवाय १९८९ मध्ये याच तारखेला त्रिनिदाद आणि टोबॅगोचा फुटबॉल संघ विश्वचषकात जाण्यासाठी शेवटचा सामना खेळला. बरोबरी पुरली असती, पण अमेरिकेकडून १-० नं हरले. तरी त्या सामन्यासाठी अख्खा देश एक झाला होता, ते धरून तारीख घेतली. हरलेल्या सामन्याची आठवण म्हणून ठेवलेला दुसरा दिन मला तरी माहीत नाही.

शौचालय दिन सिंगापूरच्या जॅक सिम यांचा. २००१ मध्ये १९ नोव्हेंबरला त्यांनी जागतिक शौचालय संघटना काढली. तिची इंग्रजी आद्याक्षरं डब्ल्यूटीओ, जागतिक व्यापार संघटनेची तीच. हे मुद्दाम केलेलं. संडासावर बोलायला कुणी तयार नसतं, मग हसवून बोलतं करायचं अशी त्यांची रीत. २०१३ मध्ये सिंगापूरनं संयुक्त राष्ट्रांत ठराव आणला आणि तो मंजूर झाला.

हसून झालं की आकडे बघा. २०२२ च्या हिशेबानं जगात सुमारे ३५० कोटी लोकांना सुरक्षित म्हणावी अशी शौचालयाची सोय नव्हती, त्यातले ४१.९ कोटी उघड्यावर जात होते. सुरक्षित म्हणजे नुसतं भांडं बसवलेलं नव्हे. खाली साचलेला मैला पुढे जातो कुठे, त्यावर प्रक्रिया होते का, हेही त्यात धरतात. आपण साखळी ओढतो आणि विषय संपतो. खरा विषय तिथून पुढे सुरू होतो.

---

अतिदक्ष

व्यवसायानं डॉक्टर आहे, म्हणून थोडं लांबेल.

मिशांचं कुणीतरी बोलायलाच हवं होतं. 'मूव्हेंबर' २००३ मध्ये मेलबर्नला दोन मित्रांच्या गप्पांतून निघालं. मिशीची फॅशन परत आणायची, एवढाच उद्देश. पहिल्या वर्षी तीसेक जण मिळाले. आजाराबिजाराचा संबंधच नव्हता. दुसऱ्या वर्षी त्यांना वाटलं, लोक मिशीबद्दल एवढं विचारतात तर ते कुतूहल कारणी लावू. प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कर्करोगासाठी निधी जमवायला लागले आणि २००४ मध्ये ५४,००० ऑस्ट्रेलियन डॉलर जमले. आता त्यात वृषणाचा कर्करोग आणि पुरुषांचं मानसिक आरोग्यही आलंय.

नियम मजेशीर आहेत. १ नोव्हेंबरला तोंड गुळगुळीत करून सुरुवात करायची. महिनाभर फक्त मिशी. ती कल्ल्यांना जाऊन मिळाली तर ती दाढी झाली, चालत नाही. हनुवटीवर येऊन जुळली तर बोकडदाढी, तीही नाही. म्हणजे पहिले दहा-बारा दिवस माणूस निव्वळ विचित्र दिसतो, कुणीतरी विचारतंच, आणि विचारलं की विषय काढता येतो. सगळी खुबी त्या विचित्र दिसण्यात आहे. फीत लावलेल्या माणसाला 'हे काय लावलंय' असं फारसं कुणी विचारत नाही.

(दाढी-मिशी दोन्ही वाढवायची 'नो-शेव्ह नोव्हेंबर' ही मोहीम वेगळी. ती २००९ पासूनची, अमेरिकेतल्या एका कुटुंबानं वडील आतड्याच्या कर्करोगानं गेल्यावर सुरू केलेली. दाढीचा वाचलेला खर्च दान करायचा. लोक दोन्हींची सरमिसळ करतात.)

आता कान टोचतो. फलकावर 'सर्व पुरुषांनी पीएसए तपासणी करून घ्या' असं कृपया लिहू नका. पीएसए ही रक्ततपासणी, पण आकडा वाढला म्हणजे कर्करोगच असं नाही. प्रोस्टेट वयानुसार नुसती मोठी झाली किंवा तिला सूज आली तरी आकडा चढतो. उलट काही कर्करोग इतके संथ असतात की माणूस त्यांच्यासकट म्हातारा होऊन दुसऱ्याच कारणानं जातो. अशांना सुया टोचून, शस्त्रक्रिया करून फायद्यापेक्षा त्रास जास्त होऊ शकतो. म्हणून लिहायचं असं: पन्नाशी आली, किंवा वडील-भावाला हा आजार होता आणि वय पंचेचाळीस झालं, तर डॉक्टरांशी 'मी तपासणी करावी का' हे बोला. तपासणी करा असं नाही, बोला.

तरुणांसाठी दुसरंच वाक्य लागेल. वृषणाचा कर्करोग ऐन तरुणांत, साधारण १५ ते ४० वयात जास्त दिसतो आणि लवकर सापडला तर बहुतेक बरा होतो. आंघोळीच्या वेळी हातानं चाचपून बघायचं. न दुखणारी गाठ, घट्टपणा किंवा एका बाजूचा आकार बदललेला वाटला तर लाजत बसायचं नाही. लाजेपायी उशीर करून आलेली पोरं बघितलीत, म्हणून सांगतोय.

मधुमेहाचंही तेच. निळी वर्तुळं ठीक, पण मुलांमधल्या टाइप वनची लक्षणं लिहा: सारखी तहान, सारखी लघवी, खाऊनही वजन घटणं, मरगळ. अंथरूण ओलं करायचं बंद झालेलं मूल पुन्हा करायला लागलं, तर 'लाड जास्त झालेत' म्हणून रागावण्याआधी साखर तपासा. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत इन्सुलिनची पहिली सुई घेतली तो लेनर्ड थॉम्पसन १४ वर्षांचा होता. पहिलं औषध पुरेसं शुद्ध नव्हतं. बारा दिवसांनी शुद्ध करून दिलेल्या औषधानं साखर उतरली. त्याआधी या आजारात उपाशी ठेवून दिवस ढकलणं एवढाच उपाय होता. शोधाचं पेटंट टोरांटो विद्यापीठाला नाममात्र एकेका डॉलरला देऊन टाकलं, हेही लिहा वाटल्यास.

---

उंटावरून

डॉक्टर, प्रतिसाद आवडला. पण बघा, तुम्ही सांगितलेली कामाची गोष्ट वर्षाचे बारा महिने खरी आहे. त्यासाठी नोव्हेंबर कशाला हवा?

---

अतिदक्ष

कारण बारा महिने खरी असलेली गोष्ट बाराही महिने उद्यावर टाकता येते.

---

जागरण_कक्ष

मी नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. १७ नोव्हेंबर आमचा, जागतिक अकाली प्रसूती दिन. याची खूण म्हणजे वाळत घातलेले मोजे. बाळाच्या नेहमीच्या मोज्यांच्या नऊ जोड्या आणि मधोमध जांभळ्या रंगाची इवलीशी दहावी जोडी. जगात दर दहा बाळांतलं साधारण एक ३७ आठवडे भरायच्या आत जन्मतं, ते त्या दोरीवर दिसतं. २०२० मध्ये अशी बाळं १ कोटी ३४ लाख होती.

दिनविशेषी, तुमची 'करायचं काय' ही अट मला अर्धीच पटते. पोटाशी मूल धरून ठेवायची पद्धत, ज्याला आम्ही कांगारू केअर म्हणतो, ती १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली. काचेच्या पेट्या कमी आणि बाळं जास्त, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी आईच्या उघड्या छातीवर बाळ ठेवायला सुरुवात केली. तापमान टिकतं, दूध लवकर सुरू होतं, जंतुसंसर्ग कमी होतो. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते की बाळ स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्याबरोबरच सुरू करा. हे झालं करायचं. वडीलही करू शकतात, हे फलकावर नक्की लिहा, कारण दाराशी उभे राहणारे वडील आम्ही रोज बघतो.

पण दुसरी बाजू अशी की त्या संध्याकाळी एखादी इमारत जांभळ्या दिव्यांनी उजळते, तेव्हा त्यातून कुणी काही करावं अशी अपेक्षाच नसते. आमच्याकडे गेल्या वेळी एक आई खिडकीशी उभी राहून बराच वेळ समोरचे जांभळे दिवे बघत होती. तिचं बाळ साडेनऊशे ग्रॅमचं. मला म्हणाली, 'म्हणजे हे फक्त माझ्याच बाबतीत झालं नाही ना?' महिनाभर आम्ही तिला हेच समजावत होतो, ते त्या दिव्यांनी पटलं. आता हे तुमच्या चाळणीत कुठे बसवणार?

---

पाटीटाकू

ताई, __/\__

---

दिनविशेषी

बसत नाही. मोज्यांची दोरी फलकावर खरीखुरी लावतो. मोजे कुणाकडे आहेत का बघायला सुरुवात केलीय.

---

जाहिरातखोर

नावाप्रमाणे जाहिरात क्षेत्रात. घरचा अहेर देतो.

बनवलेला दिन ओळखायचा कसा? तारखेमागे घटना नसते, पण त्या दिवशी घ्यायची वस्तू मात्र नेमकी असते. जानेवारीतला 'ब्लू मंडे' हा याचा नमुना. वर्षातला सर्वात उदास दिवस कुठला, याचं एक गणिती सूत्र २००५ मध्ये ब्रिटनमधल्या एका प्रवास वाहिनीच्या प्रसिद्धिपत्रकातून आलं. सूत्रात हवामान, कर्ज, सणानंतर उलटलेले दिवस. एकाचंही माप धड घेता येत नाही. पण उदास आहात, मग सहलीचं तिकीट काढा! दरवर्षी वर्तमानपत्रं अजून छापतात.

नोव्हेंबरात बघायचं तर ११ तारीख बघा. ११ नोव्हेंबर १९१८ ला सकाळी ११ वाजता पहिलं महायुद्ध थांबलं. कित्येक देशांत त्या ठोक्याला दोन मिनिटं स्तब्ध उभे राहतात, कोटाला लाल पॉपीचं फूल. आणि त्याच तारखेला चीनमध्ये 'एकट्यांचा दिवस'. ११-११ मधले चार '१' ओळीनं उभे म्हणजे चार सडेफटिंग. नानजिंग विद्यापीठातल्या मुलांनी १९९३ च्या सुमारास थट्टा म्हणून सुरू केला असं सांगतात. २००९ मध्ये अलीबाबानं त्यावर सेल लावला आणि बघता बघता जगातल्या सर्वात मोठ्या खरेदीच्या दिवसांत तो जाऊन बसला. पोरांची थट्टा होती तोवर बरी होती.

उतारा म्हणून 'काहीही खरेदी करू नका दिन' आहे. १९९२ मध्ये व्हँकुव्हरच्या टेड डेव्ह या कलाकारानं काढला, आता बऱ्याच ठिकाणी ब्लॅक फ्रायडेच्याच दिवशी, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या मोठ्या सेलच्या शुक्रवारी पाळतात. दिनविशेषींच्या चाळणीत एकदम फिट, तारीख मुद्दाम निवडलेली आणि करायचं काय तर काहीच नाही. आमच्या धंद्याला याहून घातक दिन नाही.

---

टिपणवही

आकड्यांवरून दिवस काढण्यात जपानी लोकांचा हात कुणी धरणार नाही. त्यांच्याकडे आकड्यांचे उच्चार जोडून शब्द तयार करतात. ११ म्हणजे 'ई', चांगलं. त्यामुळे नोव्हेंबरभर चांगल्या गोष्टींची रांग लागते: ८ ला चांगले दात, २२ ला चांगलं जोडपं, २६ ला चांगली आंघोळ. १० नोव्हेंबरला चक्क चांगला संडास. तो त्यांच्या शौचालय संघटनेनं १९८६ मध्येच ठरवला होता, सिंगापूरच्या कितीतरी आधी.

---

खोडसाळ_खार

म्हणजे कट जपानपासून आहे.

---

काळाफळा

शिक्षिका आहे, हा फलकाचा छळ मलाही ठाऊक आहे. माझा अनुभव असा की मुलांना रंग लक्षात राहत नाही, माणसं राहतात.

२५ नोव्हेंबर, महिलांवरील हिंसाचाराच्या निर्मूलनाचा दिन. सूचना येते: नारिंगी रंग वापरा. वापरतो. पण तारीख का, हे सांगितल्यावर वर्ग गप्प होतो. डोमिनिकन प्रजासत्ताकात त्रुहियोची हुकूमशाही होती. पात्रिया, मिनर्व्हा आणि मारिया तेरेसा या मिराबाल बहिणी त्याच्या विरोधात उभ्या राहिल्या. भूमिगत चळवळीत त्यांना 'फुलपाखरं' म्हणत. २५ नोव्हेंबर १९६० ला तुरुंगातल्या नवऱ्यांना भेटून परतताना त्यांची गाडी अडवली, तिघींना आणि गाडीच्या चालकालाही मारलं, आणि अपघात दिसावा म्हणून गाडी दरीत ढकलून दिली. लोकांनी एक क्षणही विश्वास ठेवला नाही. सहा महिन्यांनी, मे १९६१ मध्ये, त्रुहियो स्वतः गोळ्या लागून मेला. लॅटिन अमेरिकेतल्या स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी १९८१ मध्ये बोगोटाच्या परिषदेत ही तारीख घेतली, संयुक्त राष्ट्रांनी १९९९ मध्ये. तिथून १० डिसेंबरच्या मानवी हक्क दिनापर्यंत सोळा दिवसांची मोहीम चालते.

चालकाचं नाव रुफिनो दे ला क्रूस. माझ्या वर्गातल्या एकानं विचारलं होतं, 'बाई, त्याच्या नावाचा दिन नाही का?' तेव्हापासून चौथं नावही फळ्यावर लिहिते.

बालक दिनाबद्दल: देशोदेशी तो वेगळा. बऱ्याच ठिकाणी १ जून, जपानमध्ये ५ मे, भारतात १४ नोव्हेंबर. २० नोव्हेंबरला मात्र बालहक्कांचा जाहीरनामा (१९५९) आणि करार (१९८९) दोन्ही झाले. मुलांना कराराचं १२ वं कलम वाचून दाखवते, की तुमच्याशी संबंधित बाबतीत तुमचं मत ऐकून घेतलं पाहिजे. पुढचा तासभर वर्ग ताब्यात राहत नाही, ही पूर्वसूचना.

---

निशाचर_लेखणी

कादंबरीवाले विसरलात! नोव्हेंबर म्हणजे 'नॅनोरायमो', महिनाभरात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहायची मोहीम, रोजचे १,६६७ शब्द. १९९९ मध्ये २१ जणांनी सुरू केलं. पहिलं वर्ष जुलैत झालं होतं. दुसऱ्या वर्षापासून नोव्हेंबर घेतला, कारण हवा खराब, माणूस घरातच बसतो. चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद पडली, पण महिना काही कुणाच्या मालकीचा नाही, लिहिणारे लिहितातच.

---

उंटावरून

५०,००० शब्द लिहून आम्हाला वाचायला देऊ नका म्हणजे झालं.

---

अतिदक्ष

एक राहिलं. १८ ते २४ नोव्हेंबर प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंबद्दलचा आठवडा. २०१९ मध्ये जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट अशा जंतूंमुळे झाले. फ्लेमिंगनं १९४५ च्या नोबेल भाषणातच बजावलं होतं की औषध अपुरं घेतलं तर जंतू मरत नाहीत, शिकून जातात. फलकासाठी वाक्य: सर्दी-पडसं विषाणूंमुळे होतं, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या स्वतःच्या मनानं घेऊ नका, दुसऱ्याला देऊ नका.

---

काळाफळा

आणि तिसरा रविवार, रस्ते अपघातात गेलेल्यांचा स्मरण दिन. ब्रिटनमधल्या अपघातग्रस्तांच्या संघटनेनं १९९३ मध्ये सुरू केला, २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी घेतला. वर्षाला ११.९ लाख माणसं जातात, आणि ५ ते २९ या वयात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण हेच. मोठ्या मुलांसाठी हा एक दिन पुरेसा आहे असं मला वाटतं, बाकी सगळे वगळले तरी.

---

खोडसाळ_खार

तिसरा रविवार, तिसरा गुरुवार असल्या तारखा फलकावर कशा लावणार? २०२६ चं कॅलेंडर काढून बघितलं. १ नोव्हेंबर रविवारी, म्हणजे अपघात स्मरण दिन १५ ला. तिसऱ्या गुरुवारी युनेस्कोचा तत्त्वज्ञान दिन, तो येतो १९ ला. पुरुष, संडास आणि तत्त्वज्ञान एकाच दिवशी. आता तरी माना.

---

पाटीटाकू

सगळं तत्त्वज्ञान तिथेच सुचतं की.

---

दिनविशेषी

१९ तारखेचा कागद मोठा घ्यावा लागणार. 😀

ठेवलेत ते असे: ५, १४, १७ (मोज्यांसकट), १९, २५, तिसरा रविवार आणि प्रतिजैविकांचा आठवडा. मिशांसाठी डॉक्टरांची दोन्ही वाक्यं जशीच्या तशी. हॅलो दिन कोपऱ्यात, कारण फलकाशी उभं राहून लोक एरवीही गप्पाच मारतात. 'कॉम्प्युटरला नाव द्या'वाला उडवला.

एक शंका. दानाचा मंगळवार नोव्हेंबरात धरू की नको? यादीत काही ठिकाणी नोव्हेंबर आहे, काही ठिकाणी डिसेंबर.

---

टिपणवही

तो २०१२ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाला. अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगनंतरचा पहिला मंगळवार, म्हणजे ब्लॅक फ्रायडेच्या खरेदीनंतर चार दिवसांनी. थँक्सगिव्हिंग चौथ्या गुरुवारी असल्यानं हा २५ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांमध्ये... थांबा, गुरुवार २२ ते २८, अधिक पाच. म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर. २०२६ मध्ये गुरुवार २६ ला, तेव्हा मंगळवार १ डिसेंबर. पुढच्या महिन्याच्या फलकावर.

---

जाहिरातखोर

१ डिसेंबरला जागतिक एड्स दिनही असतो. डिसेंबरचा धागा काढाल तेव्हा त्यापासून सुरुवात करा. लाल फितीची गोष्ट मी लिहितो.